बदलीवाल्याचं पोट

आमच्या वॉर्डातला वॉर्डबॉय पन्नाशीचा होता. त्या माणसाला बॉय म्हणायची मला लाज वाटायची, पण हॉस्पिटलात तसंच म्हणत. आवाज मात्र असा खणखणीत, की परळ नाक्यावरच्या सभेत लाउडस्पीकर बंद पडला असता तर यालाच उभं केलं असतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तो वॉर्डाच्या दारात उभा राहायचा, हातातल्या केसपेपरवरचं नाव एकदा पुकारायचा, परत पुकारायचा, आणि जो माणूस उठून येईल त्याला स्ट्रेचरवर आडवा करून घेऊन जायचा. झालं. तीच आमची पद्धत. जो उठला तो पेशंट.

आज हे कुणाला सांगितलं तर डोळे मोठे करतात. तेव्हा आम्हाला त्यात काही खुपत नव्हतं. दुसऱ्याचं नाव पुकारल्यावर आपण होऊन उठेल कोण? आणि तेही पोट फाडून घ्यायला? तिथं काय प्रसाद वाटत होते?

पण उठला. एक जण उठला. ती गोष्ट मी कित्येकांना सांगितली आणि प्रत्येक वेळी लोक हसतात. मीही हसते. त्या दिवशी मात्र हसले नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. मी नर्सिंगचं शिक्षण संपवून नुकती लागले होते. घर चिंचपोकळीला, चाळीत. वडील गिरणीत, स्पिनिंगमध्ये. घरातले देव नुकतेच गेले होते आणि त्या जागी बुद्धाची तसबीर आली होती. चाळीतली मी पहिलीच नर्स, त्यामुळे कुणाच्या पोराला खोकला झाला तरी मला झोपेतून उठवत आणि मी उठून आधी पोराच्या आईला झापत असे. स्वभावच तसा माझा. अजून आहे. मुलगा म्हणतो, आई, तू इंजेक्शनच्या आधीच टोचतेस. म्हणू दे.

माझी ड्यूटी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात होती. वॉर्डाच्या एका टोकाला गॅलरी, आणि गॅलरीच्या खाली मोठा रस्ता. मोर्चे सगळे तिथूनच जायचे. मोर्चा आला की ज्यांना चालता येई ते पेशंट गॅलरीत, ज्यांना येत नसे ते खाटेवरून "काय दिसतंय? किती माणूस आहे?" म्हणून ओरडत, आणि आम्ही सगळ्यांच्या मागे. वॉर्डची मोठी सिस्टर वसईकडची, बांध्यानं लहानखुरी, पण तिनं नुसतं चष्म्यावरून पाहिलं तरी पेशंट अंथरुणात शिरायचे. मोर्चाच्या वेळी तीही कमी ओरडायची. तिचाही एक कान खाली रस्त्यावर असायचा.

त्या आठवड्यात शेजारशेजारच्या खाटांवर दोघं होते. एक फणसवाडीचे, सरकारी ऑफिसातले हेडक्लार्क. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत. अंगानं काडी, तोंडानं तोफ. त्यांना पोटात अल्सर होता, औषधांना दाद देत नव्हता, म्हणून पोटाचा बराचसा भाग काढून टाकायचं ठरलं होतं. हा अल्सर चहानं झाला की संतापानं, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. मला विचाराल तर संतापानं. सकाळी पेपर वाचायला घेतला की पहिल्या पानावरच त्यांच्या पोटात कळ यायची. शेवटी मोठ्या सिस्टरनं त्यांचा पेपर बंद केला, तर ते शेजारच्यांना पेपर मोठ्यानं वाचायला लावत आणि ऐकून कळवळत.

दुसरा मालवणकडचा, तिशीचा, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहणारा. गिरणीत बदली. बदली म्हणजे काय ते सांगते. कायम नसलेला कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभा राहायचा. आत हजेरी व्हायची. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा पडला, म्हणजे कुणी आलाच नाही, की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, हा. नाव पुकारलं आणि कुणी ओ दिली नाही, की बदलीवाला पुढे. क्षणभर थांबला तर दुसरा घुसायचा. अशी या माणसाची कित्येक वर्षं गेली होती. आज याच्या जागी, उद्या त्याच्या जागी.

त्याला अंतर्गळ झाला होता. ओझी उचलून उचलून जांघेत आतडं उतरायचं. उभा राहिला, खोकला, की लिंबाएवढी गाठ वर यायची. आडवा पडला की आत जायची, जणू काही झालंच नाही. जॉबरनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमानं, त्याला सांगितलं होतं, एक जागा रिकामी होतेय, तुझं नाव लावतो, पण गिरणीचा डॉक्टर तपासेल, आधी हे बरं करून ये. म्हणजे ऑपरेशन नीट झालं तर कायम, नाही तर परत दारात उभा. वॉर्डात प्रत्येकाला हे ठाऊक होतं, कारण तो प्रत्येकाला सांगायचा. आणि खायचा! हॉस्पिटलची ती पाणीदार आमटी कुणाच्या घशाखाली उतरत नसे, हा वाटी चाटून दुसरी मागायचा. हेडक्लार्कना नुसत्या दुधावर ठेवलं होतं. ते याचं जेवण पाहून दात-ओठ खायचे.

"अहो, चावून तरी खा," ते म्हणायचे.

"चावतंय ना, रावसाब. पण ता थांबत नाय."

एकूण दोघांचं बरं जमलं होतं.

हेडक्लार्कच्या ऑपरेशनची सकाळ. त्यांना उपाशी ठेवलेलं, हॉस्पिटलचे कपडे घातलेले, सगळी तयारी झालेली. आणि नेमका खालून मोर्चा आला. बायकांचा मोर्चा होता, काळे झेंडे हातात घेऊन निघालेला, आणि घोषणा अशा की खिडकीची तावदानं थरथरत होती. हेडक्लार्क उठले. शेजारच्याला म्हणाले, "आलोच हं," आणि गॅलरीत.

मी तेव्हा दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याच्या पाठीला पावडर लावत होते. वॉर्डबॉयनं दारात येऊन नाव पुकारलं ते मी ऐकलं. कुणी ओ दिली नाही. परत पुकारलं. मग स्ट्रेचरची चाकं कुरकुरली आणि लांब गेली. मी मनात म्हटलं, गेले बिचारे, आता निदान पेपरचा त्रास संपेल.

मोर्चा पुढे गेला. गॅलरीतून एकेक जण परतला. आणि सगळ्यात शेवटी, घसा बसलेला, डोळ्यांत पाणी, केस विस्कटलेले, असे हेडक्लार्क आत आले.

"काय हो सिस्टर," मला म्हणाले, "काय चाललंय काय या हॉस्पिटलात? काल संध्याकाळपासून उपाशी आहे मी. नेणार कधी मला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मग शेजारच्या खाटेकडे. खाट रिकामी. चादर नीट घडी घालून ठेवलेली.

देव सोडले होते आम्ही, तरी माझ्या तोंडातून "अरे देवा" निघालं ते निघालंच.

मी धावले. त्या लांबलचक कॉरिडॉरमधून नर्सनं धावायचं नाही असा नियम होता, आणि मी असं धावले की एका डॉक्टरच्या हातातला चहा त्याच्याच कोटावर गेला. डोक्यात एकच. तो गडी टेबलावर आहे, त्याला गुंगी दिली असेल, आणि त्याचं धडधाकट पोट, ज्यात दोन वाट्या आमटी सहज मावते, ते आता अर्धं कापून काढणार. अर्ध्या पोटाचा माणूस साच्यावर कसा उभा राहणार? मला रडू फुटत होतं आणि शिव्या सुचत होत्या, दोन्ही एकदम.

थिएटरच्या दारात तिथल्या सिस्टरनं मला अडवलं. मी तिला बाजूला केलं. ढकललं म्हटलं तरी चालेल. आत इथरचा तो गोडसर, मळमळ आणणारा वास. टेबलावर हिरव्या कापडाखाली माणूस, तोंडावर जाळी, पोटावर आयोडिन फासलेलं. आणि मोठे डॉक्टर हात पुढे करून उभे.

हे मोठे डॉक्टर म्हणजे परळमधलं प्रस्थ. शिवाजी पार्कला राहायचे, रोज सकाळी मैदानाला फेऱ्या घालून यायचे, हात असा की बघत राहावं. पण तोंड उघडलं की अंगावर काटा.

"थांबा," मी ओरडले, "ते हे नाहीत!"

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे.

"बाहेरच्या चपला घालून थिएटरमध्ये?"

"डॉक्टर, माणूस चुकलाय. हा अंतर्गळवाला आहे. अल्सरवाले वॉर्डात आहेत."

"केसपेपर समोर आहे. नाव पुकारलं, हा आला. बाहेर व्हा."

"चेहरा तरी बघा ना!"

"मी चेहऱ्याचं ऑपरेशन करत नाहीये, सिस्टर."

टेबलावरच्याला विचारावं तर तो गुंगीत. अंतर्गळ दाखवावा तर आडवा पडल्यावर तो आत गेलेला, वरून पाहणाऱ्याला पोट सगळ्यांचं सारखंच. मी आपली दोन्ही हात पसरून टेबल आणि डॉक्टर यांच्या मध्ये उभी. नोकरी गेली हे मला दिसत होतं. पण हलायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हेडक्लार्क. माझ्या मागून तेही आले होते, एका हातानं पायजम्याची नाडी धरून, धापा टाकत. त्यांचा घसा मोर्चात गेला होता, तरी उरलासुरला सगळा आवाज त्यांनी गोळा केला.

"हे ऑपरेशन माझं आहे!" ते किंचाळले. "माझ्या नावावरचं ऑपरेशन दुसऱ्याला कसं देता तुम्ही? विचारलंत मला? हा अन्याय आहे! माझं ऑपरेशन मला मिळालंच पाहिजे!"

मोठ्या डॉक्टरांनी हेडक्लार्ककडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. हातातली सुरी ट्रेमध्ये ठेवली. मग ते इतकंच म्हणाले, "आणि हेसुद्धा चपला घालून आलेत."

दुपारी बदलीवाला शुद्धीवर आला. सगळा वॉर्ड त्याच्याभोवती. डोळे उघडल्या उघडल्या त्यानं पोटावर हात फिरवला, टाके शोधले, सापडले नाहीत.

"जाला?" त्यानं विचारलं.

"काय झालं? कप्पाळ झालं!" मी म्हटलं. "दुसऱ्याचं नाव पुकारल्यावर तुम्ही उठलात कशाला? अहो, अर्धं पोट काढून टाकणार होते तुमचं!"

तो गोंधळला. मग शांतपणे, मला समजावल्यासारखा म्हणाला, "अवो शिष्टर, रावसाब जाग्यार नाय. दोनदा पुकारल्यानी, कोण बोलाक नाय. खाडो पडलो असतो त्यांचो. म्हणान मी गेलंय बदली. म्हटला, आज मी त्यांच्या पाळीत जातंय, फुडल्या येळाक ते माझ्या पाळीत जातले."

"पण त्यांचा आजार वेगळा, तुमचा वेगळा!"

"ता काय, डॉक्टर बघतलो मां, कोणाक काय जाला हा ता?"

पाळी कुणाचीही असो, टेबलावर जो येईल त्याला काय झालंय ते डॉक्टर बघेल, अशी त्याची साधी समजूत. आणि आमच्याकडे तेवढंच कुणी बघत नव्हतं. सगळा वॉर्ड हसून हसून खाटांवर लोळत होता. टाके घातलेले लोक पोट धरून "हसवू नका रे" म्हणत होते. मोठी सिस्टर मात्र हसली नाही. ती खुर्ची ओढून त्याच्या खाटेशी बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा सगळ्या नर्सना उभं केलं. "हे बघा गो पोरींनो, आजपासून नाव पुकारणं बंद. जवळ जायचं आणि विचारायचं. तुम्ही अमुक ना, असं नाही विचारायचं. तसं विचारलं तर हे लोक हो म्हणतात. साहेबाला नाही कोण म्हणणार? त्यालाच सांगायला लावायचं. नाव काय, कशाला आलात, कुठं दुखतंय. तो सांगेल ते आणि कागदावरचं जुळलं, तरच स्ट्रेचर."

सोपं वाटतं ना? अहो, डोक्याला ताप झाला नुसता. लोक संतापायचे. "काल सांगितलं की नाव! काल झोपला होतात काय?" एक आजोबा नाव विचारलं की आधी गाव, मग वाडी, मग भावकीतलं भांडण, असं सगळं सांगून नावापर्यंत पोचायचे तोवर माझी ड्यूटी संपायला यायची. एक पैलवान होता, तो म्हणाला, नाव पोलीस विचारतात, मी काय केलंय? दुसरा आपलं नाव सांगेचना, आधी तुमचं सांगा म्हणे. मी म्हटलं, लग्न जमवायला आलेय का मी? त्यावर सगळा वॉर्ड पुन्हा लोळला. पण हळूहळू बसली सवय. मी खाटेजवळ गेले की लोक आपणहून नाव आणि दुखणं सांगायला लागले, शाळेत कविता म्हणतात तसं.

फक्त मोठे डॉक्टर. त्यांना मोठ्या सिस्टरनं सांगितलं, की गुंगी द्यायच्या आधी एकदा तुम्हीही विचारा, कारण शेवटी सुरी तुमच्या हातात. ते भडकले.

"मी सर्जन आहे, रेशनिंग इन्स्पेक्टर नाही. तुम्ही विचारलंत ना? पुरे झालं."

हेडक्लार्कचं ऑपरेशन पार पडलं. या खेपेला ते स्ट्रेचरवर चढताना स्वतःच तीनतीनदा नाव सांगत होते, वॉर्डबॉयला, जिन्यावरच्या झाडूवाल्याला, दिसेल त्याला. आणि मग बदलीवाल्याची पाळी आली. स्वतःची, खरी.

सकाळी मी त्याच्या खाटेशी गेले तर हा कपडे बदलून, गाठोडं बांधून बसलेला.

"माका घराक जावचा हा."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"नाय करूचा माका आपरेशन."

मला असा राग आला! त्याची कायमची जागा त्या ऑपरेशनवर अडकलेली. जॉबर काही जन्मभर थांबणार नव्हता. आणि जागेचं सोडा, अंतर्गळ अडकून बसला तर काय होतं ते मी पाहिलं होतं. याच वॉर्डात तसा एक गडी तडफडून गेला होता. मी त्याला नको नको ते बोलले. घाबरट म्हटलं, बायकामुलांचा विचार कर म्हटलं, गावाला जाऊन काय नारळ मोजणार का म्हटलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "कापूक मी भियत नाय, शिष्टर. पण त्या दिसा मी थय पडलेलो होतंय, आणि मोठ्या डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे बघूकसुद्धा नाय. तेंनी एकदा माका इचारूक होया. तू कोण, म्हणान. मगे काय ता कापा."

गिरणीत रोज हजेरीला दुसऱ्याचं नाव. इतक्या वर्षांत या माणसाला कुणी तू कोण म्हणून विचारलं असेल का, असं माझ्या मनात आलं, आणि माझा राग त्याच्यावरून उठून दुसरीकडे गेला.

शेजारच्या खाटेवर हेडक्लार्क पडून होते. नाकात नळी, हाताला सलाईन, आवाज नाहीच. पण हे सगळं ऐकून त्यांनी मूठ वर केली. चळवळीचा माणूस! पडल्या पडल्या कुजबुजले, "नाव विचारलंच पाहिजे." पलीकडच्या खाटेवरच्यानं ते मोठ्यानं म्हटलं. त्याच्या पलीकडच्यानं आणखी मोठ्यानं. बघता बघता अख्खा वॉर्ड, गळू कापलेला, प्लॅस्टरमध्ये अडकलेला, मूळव्याधीवाला सुद्धा उशीवर बसून, "नाव विचारलंच पाहिजे! विचारलंच पाहिजे!" त्या दिवशीच्या यादीतल्या सगळ्यांनी स्ट्रेचरवर चढायला नकार दिला. खालून जाणाऱ्या लोकांना वाटलं, हॉस्पिटलात मोर्चा घुसला. आणि घोषणा देण्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या वॉर्डबॉयचा.

मोठे डॉक्टर वर आले ते लालबुंद होऊन.

"हे हॉस्पिटल आहे की काळाचौकीचं मैदान?"

घोषणा थांबल्या. मोठी सिस्टर पुढे झाली. आवाज न चढवता म्हणाली, "डॉक्टर, गुंगी देणारे डॉक्टर ताटकळलेत. टेबल रिकामं आहे. दोन शब्दांचं काम आहे. विचारा आणि मोकळे व्हा."

डॉक्टरांनी वॉर्डभर नजर फिरवली. सगळे बघत होते. ते ताडताड चालत बदलीवाल्याच्या खाटेशी गेले. बदलीवाला उठून उभा राहिला.

"नाव?" डॉक्टर खेकसले.

त्यानं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. सांगताना त्याची मान हळूहळू वर आली. मला गलबलून आलं, उगीच कशाला लपवू.

"आणि कशाचं ऑपरेशन करायचं, तेही आता तुम्हीच सांगा मला," डॉक्टर म्हणाले. चेष्टेनंच म्हणाले. म्हणता म्हणता ते अर्धे वळलेही होते.

"ह्येचा," तो म्हणाला आणि त्यानं उजव्या जांघेवर हात ठेवला.

डॉक्टर थांबले. परत फिरले.

"कुठं?"

"हय, साहेब."

"खोका."

तो खोकला. लिंबाएवढी गाठ वर आली. उजवीकडे. डॉक्टरांनी त्याचा पायजमा थोडा खाली केला. आदल्या दिवशी न्हावी येऊन ऑपरेशनची जागा साफ करून गेला होता. डावी बाजू लख्ख भादरलेली होती. केसपेपरवरही डावीच. तपासणारा नवा डॉक्टर त्याच्या समोर उभा राहिला होता आणि त्यानं आपल्या डाव्या हाताकडची बाजू म्हणजे डावी धरली होती. तेच न्हाव्याला सांगितलं गेलं. टेबलावर आडवा झाला असता तर गाठ आत गेली असती, आणि मोठ्या डॉक्टरांनी आपल्या त्या सुंदर हातानं त्याची चांगली बाजू उघडली असती. आणि तो दुखरी बाजू तशीच घेऊन गिरणीच्या डॉक्टरपुढे उभा राहिला असता.

मला वाटलं, मोठे डॉक्टर आता नव्या डॉक्टरला फाडून खाणार. ते खाटेच्या कडेवर बसले. पेशंटच्या खाटेवर त्यांना बसलेलं आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाव्यानं ही बाजू भादरली," ते हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा बोलला का नाहीत?"

"माका वाटला," तो डावीकडून उजवीकडे बोट फिरवत म्हणाला, "हयसून शिरान थयसर जातले. मोठे डॉक्टर तुमी. मी काय सांगू?"

"मग आत्ता कसं सांगितलंत?"

त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आता तुमी इचारल्यात, साहेब."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. त्याच्या उजव्या जांघेवर स्वतःच्या हातानं मोठी फुली मारली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग उठले, घसा साफ केला आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्या खाटेवरच्याचं त्या दिवशी ऑपरेशन नव्हतंच. त्याला नुसता ताप होता, दोन दिवसांत घरी जाणार होता.

"नमस्कार," डॉक्टर म्हणाले. "आपलं नाव काय?"